लग्नपत्रिकेतलं ‘वऱ्हाड’ गळालं, तर दोष कोणाचा?

छापखाना_दारव्हा: भाऊंनो, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, नादी लागू नका. मोबाईलवर आलेला मजकूर नव्या सॉफ्टवेअरात टाकला, ‘ॲड.’च्या जागी चौकोन अन् ‘वऱ्हाडी मंडळी’चं ‘वर्हाडी मंडळी’. पाचशे पत्रिका रद्दीत. पंचवीस वर्षं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम केलं, एक अक्षर हललं नाही. आता मी जुन्याच फॉन्टावर परत. तसंही ‘वर्हाड’ छापलं तरी लोक समजून घेतात.

जुळारी_आर्णी: शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

चौकोन आला म्हणजे मजकूर शाबूत आहे, फॉन्टात तो आकार नाही. ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक (०९७२) मिळाला २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधीच्या फॉन्टात तो कुठून येणार? ₹ चंही तेच, ते चिन्हच २०१० चं. ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर मात्रा चुकीच्या क्रमानं टाइप झाली आहे. प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र मूळ अक्षरच गेलं, मजकूर परत मागवा. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (ओळी जुळवायचा पर्याय) लावा, साध्या कंपोझरला देवनागरी जुळवता येत नाही.

आता तुमचा ‘ऱ्हा’. साध्या र ला हलंत देऊन ह जोडला की रफारच येणार. त्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ (०९३१) घ्यावा लागतो, तोच जोडाक्षरात आडवा होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे. म्हणजे पत्रिका बिघडली ती टाइप करणाऱ्यामुळे आणि फॉन्टामुळे. युनिकोडचा यात काय संबंध?

छापखाना_दारव्हा: दादा, तुमचं शास्त्र बरोबर असन. पन गिऱ्हाईक रात्री आठले मजकूर पाठवते अन् सकाळी पत्रिका पायजे म्हनते. लग्नसराईत दुपारभर लाइट नाई. मी फॉन्टाचे क्रमांक कवा पाहू? जुन्या फाईलीत नाव-तारीख बदलली का काम झालं.

माहेर_वऱ्हाडे: ‘लोक समजून घेतात’? माझं माहेरचं आडनाव वऱ्हाडे. शाळेच्या दाखल्यावर ‘वर्हाडे’, पासबुकावर मधे आडवी रेघ मारून ‘व-हाडे’, सातबाऱ्यावर ‘वराडे’. वडील गेले तेव्हा वारस नोंदीसाठी तिन्ही माणसं एकच आहेत म्हणून प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आई भर मे महिन्यात चार वेळा तालुक्याला गेली. कोणीच समजून घेतलं नाही हो भाऊ.

तूर_कापूस: ताई, वाईट झालं. पण हा आडवा ऱ मुळात पुण्याच्या पुस्तकांची मिजास आहे. आमची बोली आम्ही बोलतो तशी लिहू द्या ना. ‘वराड’ लिहा, कापसाच्या झाडाला ‘पराटी’ लिहा. यंत्रालाही त्रास नाही.

जुळारी_आर्णी: पुण्याची मिजास? कुऱ्हाड, गोऱ्हा, पऱ्हाटी, तुऱ्हाटी... हे शब्द पुण्याहून आले का? यातले निम्मे तिकडे कोणाला कळायचेही नाहीत. हा आडवा ऱ तुमच्या-माझ्या वावरातला आहे.

तूर_कापूस: माझी आजी ‘पराटी’च म्हणायची. ती अडाणी होती म्हणा मग! दरवेळी आमची बोली म्हणजे चूक, हे ऐकून कान किटले.

जुळारी_आर्णी: आजीला कोण अडाणी म्हणालं? ‘पराटी’ लिहायची तर खुशाल लिहा, बोली म्हणून ते बरोबरच आहे. पण ‘पऱ्हाटी’ लिहायची आणि यंत्रानं ‘पर्हाटी’ करायची, तर ती ना आजीची ना पुस्तकाची. लग्नात ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं तर बिदागी कोणाला द्यायची?

प्रबंध_अमरावती: मी लोकगीतांवरचा प्रबंध झीलाटेक या आज्ञा लिहून पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवला. तिथं चौकोनही दिसेलच असं नाही. फॉन्टात अक्षर नसलं की लॉग फाईलमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ची ओळ पडते आणि काम बिनबोभाट पुढं जातं. जात्यावरच्या ओव्यांमधली अक्षरं गळालेली मला बांधणीच्या आदल्या दिवशी दिसली. आजारी म्हातारीकडून उतरवलेल्या ओव्या होत्या त्या, मी रडलो. आता ट्रेसिंगलॉस्टकॅर्स या सेटिंगला ३ ही किंमत देऊन ठेवतो, अक्षर गळालं की थेट एरर येते. त्यासाठी टेकलाइव्ह, म्हणजे झीलाटेक ज्यातून मिळतं तो संच, २०२१ चा किंवा त्यानंतरचा लागतो.

आणि दारव्ह्याचे भाऊ, पेजमेकर ७.० आलं २००१ मध्ये, ती शेवटची आवृत्ती. त्या जुन्या फॉन्टात दिसतो ‘क’, पण आत साठतो भलताच क्रमांक. पंचवीस वर्षांच्या तुमच्या फाईलींत एक नाव शोधून दाखवा.

छापखाना_दारव्हा: शोधता येत नाई, हे खरं हाय. परवा एका गावची जुनी सप्ताह पत्रिका पायजे होती, अर्धा दिवस फाईली उघडत बसलो.

काल दोन तास काढून मुक्ता हा युनिकोड फॉन्ट टाकला. ‘ॲड.’ आलं. शिफ्ट अन् जे दाबून ‘वऱ्हाडी’ पन आलं. मानतो. पन पेजमेकर काढनार नाई, जुनं गिऱ्हाईक त्याच्यावरच हाय, आनि मशीन घ्यायले पैसे तुमी देनार नाई.

ताई, तुमच्या आईले सांगा, माह्या दुकानातून ‘व-हाडे’ आता जानार नाई.

तूर_कापूस: ‘पराटी’ छापाल ना पण?

छापखाना_दारव्हा: तुमी लिहून आना, जशी लिहाल तशी छापतो.