मदत हवी आहे : हॉल उजळ करायचाय, तीन आठवडे हातात आहेत

अबोली · ९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

थेट मुद्द्यावर येते. आमचा हॉल अंधारा आहे. मासिकांत इकडची घरं बघते तर पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, घरभर उजेड. आणि आमच्याकडे दुपारी दोनला दिवा लावल्याशिवाय पेपर वाचता येत नाही. भिंती सध्या बदामी आहेत, त्या पांढऱ्या करायचं मी ठरवलंय. प्रश्न दोनच. कोणता पांढरा घेऊ? आणि तीन आठवड्यांत काम उरकेल का? नवरा म्हणतो रंग नको, दिवे वाढव. त्याने छताला मोठं एलईडी पॅनेल लावलं, तर सगळ्यांचे चेहरे आजारी दिसायला लागले. दुसऱ्याच दिवशी काढलं. अनुभव असलेल्यांनी सांगा. ३० तारखेच्या आत व्हायला हवं.

रंगारी_कोल्हापूर · ९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

ताई, वीस वर्षं रंगकामात आहे. डोळे झाकून शुभ्र पांढरा मारा. छताला आधी, मग भिंतींना. जुना बदामी घासून काढा, भेगा पुट्टीने भरा, प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन. दोन माणसं असली तर हॉल चार दिवसांत होतो. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्के परत देते, बदामी त्याहून बराच कमी. यात विचार करण्यासारखं काही नाही.

डोंबिवली_ते_ओस्लो · १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

थांबा, ब्रश हातात घेऊ नका. कुठल्या गावात आहात ते लिहिलंच नाही. 'इकडची' म्हणजे कुठली? घर स्वतःचं की भाड्याचं? हॉलची खिडकी कुठल्या दिशेला? मजला कितवा? समोर काय आहे, इमारत, झाडं की मोकळं? यातलं काही माहीत नसताना पांढरा सुचवणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. उत्तरेच्या खोलीत शुभ्र पांढरा हिवाळ्यात निळसर राखाडी दिसतो. मी ओस्लोत पहिल्या वर्षी तेच केलं आणि मार्चमध्ये परत रंगवलं.

नाशिकची_मीनल · १० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

आमची बाल्कनी पश्चिमेला आहे, चार वाजल्यापासून ऊन डोळ्यांवर येतं. आम्ही बांबूची चीक लावली, फार छान फरक पडला. तुर्भ्याच्या त्या मोठ्या स्वीडिश दुकानातून बर्च रंगाचं शेल्फही आणलं, तीन वर्षं झाली, अजून नव्यासारखं आहे. नक्की बघा.

अबोली · १० नोव्हेंबर, दुपारी १२:१५

मीनलताई, मला ऊन अडवायचं नाहीये, हवंय.
ओस्लोदादा, स्टॉकहोमजवळ सुंडब्यूबेरीला राहतो. तिसरा मजला. घर आंद्राहांडवर आहे, म्हणजे मूळ भाडेकरूकडून आम्ही भाड्याने घेतलंय. हॉलची खिडकी एकच आहे, रुंद आहे. समोर दुसरी इमारत. दिशा मोबाईलवर बघून सांगते. पण पांढरा कोणता ते कुणीच सांगितलं नाही.

केल्विन_काका · १० नोव्हेंबर, दुपारी १:३०

अबोली, मी ठाण्याचा, प्रकाशयोजनेच्या कामातून निवृत्त झालोय. त्या पॅनेलच्या खोक्यावर बघ, ६५०० केल्विन लिहिलेलं असणार. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर. तो रंग भर दुपारच्या आकाशाचा. संध्याकाळी घरात २७०० हवेत, जेवणाच्या टेबलावर २२००सुद्धा चालतील. आणि रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९०च्या वर बघून घे. चेहरे आजारी दिसले याचं कारण या दोन आकड्यांत आहे, भिंतीत नाही. खोली किती बाय किती? छत किती उंच? आणि दिशा सांग, दिशेशिवाय पुढे जाता येत नाही.

डोंबिवली_ते_ओस्लो · १० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५०

आंद्राहांडवर असाल तर मूळ भाडेकरूची लेखी परवानगी आधी घ्या, तोंडी नको. घर सोडताना बदामी परत करून द्या म्हणाला तर खर्च दुप्पट.
मिळालीच परवानगी तर स्वीडनमध्ये दुकानात एनसीएस नंबर, म्हणजे इकडच्या पद्धतीचा रंगछटेचा क्रमांक, सांगायचा. ०५०२-वाय मागा. पहिले दोन आकडे काळेपणाचे, पुढचे दोन रंगाच्या जोराचे, वाय म्हणजे पिवळ्याकडे झुकणारा. इकडच्या निम्म्या घरांत हाच पांढरा असेल. भिंतीला चकाकी ७ पुरे, स्वयंपाकघरात पुसता यावं म्हणून २० घ्या.

कोपनहेगनची_माई · १० नोव्हेंबर, रात्री ९:१५

मला हे पांढऱ्याचं वेड मनापासून खटकतं. अठ्ठावीस वर्षं डेन्मार्कमध्ये राहिले. सुरुवातीला मीही पांढऱ्यामागे धावले. मग एका प्रदर्शनात विल्हेल्म हामरशोईची चित्रं बघितली. १८९८ ते १९०९ तो कोपनहेगनच्या क्रिस्चन्सहाउन भागात स्ट्रांडगेड ३० या पत्त्यावर राहिला आणि त्याच खोल्यांची चित्रं पुन्हा पुन्हा काढली. भिंती राखाडी, दारं पांढरी, खिडकीतून आलेला एक उन्हाचा चौकोन जमिनीवर पडलेला. राखाडी भिंत शांत आहे म्हणून तो चौकोन दिसतो.
दिव्यांचंही तसंच. इथे छताच्या मधोमध एक दिवा लावून कुणी बसत नाही. टेबलावर एक, खुर्चीजवळ एक, खिडकीत एक, सगळे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास. पोल हेनिंगसेनने १९२०च्या दशकात तीन छत्र्यांचा दिवा केला तो एवढ्यासाठीच, की कुठूनही बघितलं तरी बल्ब डोळ्यांत घुसू नये. त्याचा १९५८चा पीएच ५ आमच्या टेबलापासून दोन फुटांवर लोंबतो. त्याच्याखाली वरणभात पिवळाधमक दिसतो.

रंगारी_कोल्हापूर · १० नोव्हेंबर, रात्री ९:४०

माई, आदर ठेवून सांगतो, चित्रकाराला छाया आवडते, घरात राहणाऱ्याला उजेड लागतो. अंधाऱ्या खोलीला राखाडी मारायला सांगणं मला पटत नाही.

कोपनहेगनची_माई · १० नोव्हेंबर, रात्री १०:०२

राखाडी मारा असं मी म्हटलेलं नाही. भिंतीकडून अपेक्षा कमी करा म्हणतेय. भिंत आलेला उजेड परत देते. आलाच नाही तर काय देणार?

गोदा_गोटेबर्ग · ११ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

आणि सगळी स्कँडिनेव्हियन घरं पांढरी हा समजही काढून टाका. स्वीडनच्या डालार्ना प्रांतातल्या सुंडबॉर्नला कारीन आणि चित्रकार कार्ल लार्शन यांचं घर बघून या. लाल, हिरवं, पिवळं, स्वतः कारीनने विणलेली कापडं. योसेफ फ्रँक व्हिएन्नाहून १९३३मध्ये स्वीडनला आला आणि त्याने पानाफुलांचे जे कापडछाप केले ते आजही इथल्या घरांत आहेत.

अबोली, माझे तुला प्रश्न खिडकीबद्दल आहेत. पडदे आहेत का? रेडिएटरवर लोळतात का? काचांच्या मधले पट्ट्यांचे पडदे पूर्ण वर जातात का? काचा बाहेरून शेवटच्या कधी पुसल्या? खिडकीच्या कट्ट्यावर काय काय ठेवलंय? मी गेल्या ऑक्टोबरात काचा पुसल्या, पडदे उतरवले, कट्ट्यावरच्या कुंड्या एका कडेला केल्या. एक पैसा लागला नाही.

जमिनीवर त्रासमाट्टा घाल. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या मागावर विणून करतात. माझ्या आजीची गोधडी आणि इथल्या शेजारणीची त्रासमाट्टा शेजारी ठेवली तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या बघत होतो. तिच्या त्रासमाट्टात तिच्या वडिलांचा सदरा होता, माझ्या गोधडीत आजीचं इरकल.

एरंडोलकर · ११ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

अवांतर विचारतो, माफ करा. जानेवारीत उप्सालाला येतोय. जाडे पोहे मिळतात का, की इथूनच आणू?

गोदा_गोटेबर्ग · ११ नोव्हेंबर, सकाळी ८:२५

पोहे मिळतात. गोडा मसाला आणि कोकम घेऊन या.

अबोली · ११ नोव्हेंबर, रात्री ११:३०

आज दिशा बघितली. हॉल ईशान्येला. पट्ट्या अर्ध्यावर अडकल्यात, आम्ही आलो तेव्हापासून. पडदे जाड आहेत, जमिनीपर्यंत.

घाई का ते आधीच सांगायला हवं होतं. ३० तारखेला आई येतेय साताऱ्याहून. मागच्या वर्षी तीन महिन्यांसाठी आली होती, पाचव्या आठवड्यात परत गेली. आम्ही दोघं ऑफिसात, ती एकटी हॉलमध्ये. दिवेलागणीला देवाजवळ दिवा लावायची तिची सवय. इथे तीनला अंधार. ती तीनला दिवा लावायची, आणि मग झोपेपर्यंतचे सात तास तिला संपत नसत. जाताना विमानतळावर म्हणाली, "तुझं घर चांगलं आहे गं, पण दिवस कुठे असतो ते कळत नाही." या वेळी तिने हॉलमध्ये बसल्यावर उजेडात बसल्यासारखं वाटावं एवढंच मला हवंय.

केल्विन_काका · १२ नोव्हेंबर, सकाळी १०:००

पोरी, हे पहिल्या दिवशी लिहिलं असतंस तर दोन दिवस वाचले असते. आता नीट वाच.

स्टॉकहोम ५९ अंशांवर. २१ डिसेंबरला सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमाराला आणि मावळतो पावणेतीनला. उगवतो तो आग्नेयेला, मावळतो नैऋत्येला. ईशान्येच्या खिडकीत तो महिनोन्‌महिने फिरकतच नाही. त्या हॉलला कुठलाही पांढरा दिलास तरी ऊन येणार नाही.

पण दक्षिणेकडे गंमत आहे. त्या दिवशी माध्यान्हीला सूर्य जेमतेम ७ अंश वर असतो. पुण्यात त्याच दिवशी ४८ अंश. पुण्यात सात फूट उंच खिडकीतून ऊन सहासात फूट आत येऊन थांबतं. तुझ्याकडे तिरपं येणारं ऊन खोली ओलांडून थेट मागच्या भिंतीवर चढेल. अट एकच, समोर काही आडवं नको. तुझ्या घरात दक्षिणेची खोली आहे का? त्यात काय ठेवलंय?

अबोली · १२ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

आहे. छोटी बेडरूम. समोर फुटबॉलचं मैदान आहे. आम्ही त्यात बॅगा, कपडे वाळवायचा स्टँड आणि मूळ भाडेकरूचं काळं कपाट ठेवलंय. कपाट अर्ध्या खिडकीवर येतं.

मला हे सुचलंच नाही. आई हॉलमध्येच बसणार असं धरून चालले होते.

वास्तू_सखी · १२ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

अबोलीताई, घाई करू नका. दक्षिण ही यमाची दिशा, वडीलधाऱ्यांना दिवसभर तिथे बसवू नये. ईशान्य पवित्र, आईंचं देवाचं तिथेच असू द्या. हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात पाण्याचा कलश ठेवा, प्रसन्न वाटेल.

डोंबिवली_ते_ओस्लो · १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

वास्तू_सखी, ईशान्य पवित्र मानली ती बहुधा आपल्याकडे सकाळचं कोवळं ऊन त्या बाजूने मिळतं म्हणून. इथे डिसेंबरात ते ऊन दक्षिणेलाच आहे, जे काही आहे ते. देवघर हॉलमध्ये राहू द्या, माणूस उन्हात बसू द्या. माझी आई ओस्लोत दक्षिणेच्या खिडकीत बसून दोन हिवाळे मजेत राहिली.

फोडणी_मास्टर · १२ नोव्हेंबर, रात्री ८:००

कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, पांढरा रंग देणारच असाल तर स्वयंपाकघराच्या हवेचं आधी बघा. इथल्या बऱ्याच इमारतींत मोटरचा पंखा इमारतीच्या हवेच्या नळीला जोडायला मनाई असते, नुसती कोळशाची जाळी असलेला चालतो. ती जाळी फोडणीचं तेल फारसं अडवत नाही. वर्षात पांढऱ्या भिंतीवर पिवळट थर येतो.

गोदा_गोटेबर्ग · १२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आता हॉलबद्दल, कारण संध्याकाळी सगळे तिथेच बसणार. मोठं पॅनेल परत लावू नकोस. खिडकीत एक दिवा, सोफ्याजवळ एक, देव्हाऱ्याजवळ एक छोटा, सगळे टायमरवर, अडीचला आपोआप लागतील असे. आई एकटी असताना अंधार पडलेला तिला दिसताच कामा नये.

यंदा ३० नोव्हेंबरला पहिला ॲडव्हेंट आहे, नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला, म्हणजे नेमका आई येतात तो दिवस. त्या संध्याकाळी समोरच्या इमारतीत खिडक्या-खिडक्यांतून कागदी तारे आणि सात दिव्यांच्या कमानी लागलेल्या असतील. ती विजेची कमान आमच्या गोटेबर्गच्या ऑस्कर अँडरसनने १९३४मध्ये केली. तुझा दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर टाकला असशील तर काढ आणि हॉलच्या खिडकीत टांग. माझा दरवर्षी जानेवारीपर्यंत असतो. शेजारी विचारतात हा तारा कुठे मिळाला.

अबोली · २३ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

मूळ भाडेकरूने रंगाला नाही म्हटलं. कपाट हलवायला हो म्हणाला, शनिवारी चौघांनी मिळून पॅसेजमध्ये नेलं. बॅगा तळघरात. हॉलचे जाड पडदे उतरवले, पट्ट्या नवऱ्याने दोरी बदलून पूर्ण वर केल्या. काचा बाहेरून पुसल्या तर पाणी काळं झालं. तीन दिवे आणले, २७०० केल्विन, टायमर अडीचचा. कंदील खिडकीत आहे.

आज रविवार, आकाश स्वच्छ. साडेअकराला दक्षिणेच्या खोलीत जाऊन उभी राहिले. ऊन खिडकीतून आत, पलंगावरून, मागच्या भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीपर्यंत. बदामी भिंत अक्षरशः केशरी दिसत होती. तिथे आईची खुर्ची ठेवतेय.

एकच शंका. डिसेंबरात सूर्य अजून खाली जाणार ना? मग हे ऊन जाईल का?

केल्विन_काका · २३ नोव्हेंबर, दुपारी १:१०

नाही जाणार. सूर्य खाली उतरला की ऊन आणखी आडवं येतं. खोली साडेचार मीटरची धरली तर २१ तारखेपर्यंत तो पट्टा भिंतीवर अजून वीतभर वर चढेल. खुर्चीची पाठ भिंतीला लावून ठेव, तोंड खिडकीकडे. आणि खोलीची लांबी मोजून कळव.