मदत हवी आहे: मुक्कामाला रात्री घोडे बांधायचे कसे? शुक्रवारी निघायचंय

माळावरचा
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मित्र शुक्रवारी घोड्यांवरून तीन दिवसांसाठी निघतोय. फलटणच्या बाजूने डोंगर चढून शिखर शिंगणापूर आणि पुढे माळामाळाने म्हसवड. दोन मुक्काम उघड्यावर. बाकी सगळी तयारी झाली, घोडे रात्री बांधायचं तेवढं काही केल्या जमत नाही.

गेल्या रविवारी शेतात एक रात्र राहून बघितलं. प्रत्येकाला वीस फूट नायलॉनचा दोर देऊन वेगवेगळ्या बाभळीला बांधला, म्हटलं चरतील रात्रभर. पहाटे तीनला किंकाळ्यांनी जाग आली. एकाचा मागचा पाय दोरात गुरफटलेला, खुराच्या वर मागच्या बाजूला जो खळगा असतो तिथलं कातडं सोलून निघालेलं. दुसऱ्याने दोर तोडला आणि विहिरीवरून पलीकडच्या बांधाला पळाला. विहिरीला कठडा होता म्हणून वाचला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. कृपा करून लवकर सांगा, वेळ कमी आहे.

तंगतोबरा
पहिलं म्हणजे नायलॉन घोड्याजवळ आणायचा नाही. सुती दोर घ्या, अंगठ्याएवढा जाड. आणि अगाडी-पिछाडी लावा. आमच्याकडे टांग्याचे घोडे होते, वडिलांनी दुसरं काही वापरलं नाही. मोरखीला (तोंडावर बांधतात त्या दोरीच्या बंदाला) दोन दोर, ते पुढे डाव्या-उजव्या मेखेला. मागच्या पायाला रुंद मऊ पट्टा, त्याचा दोर मागच्या मेखेला. घोडा बसतो, उठतो, पण गरकन फिरत नाही. वीस फूट दोर म्हणजे पाय अडकायला आमंत्रणच.

कोलोरॅडोकर
मी तेरा वर्षं इकडे रॉकी पर्वतात घोडे घेऊन मुक्कामाला जातोय. इथे सगळे आडवा दोर बांधतात. दोन दणकट झाडांमध्ये, माणसाच्या डोक्याच्या वर, साधारण सात-आठ फुटांवर, चांगला ताणून. झाडाची साल सोलू नये म्हणून बुंध्याला रुंद पट्टा गुंडाळायचा. घोड्याचा दोर वरून खाली येतो, त्यामुळे पायात जातच नाही. घोड्याचं तोंड जमिनीपर्यंत कसंबसं पोचेल एवढीच ढील. आणि ओढ्यापासून निदान साठ मीटर लांब, म्हणजे पाणी घाण होत नाही. मागचा पाय बांधणं मला पटत नाही. घाबरलेला घोडा झटका देतो आणि सांध्याला इजा होते.

तंगतोबरा
सवय नसलेल्या घोड्याला देतो झटका. घरी आठ दिवस शिकवायचं असतं.

भटक्या_३
तंबू कोणता घेताय? डिसेंबरात माण तालुक्यात पहाटे चांगलंच गारठतं, दव पडतं. दुहेरी कापडाचा घ्या. मी मागच्या वर्षी साध्यात झोपलो आणि सकाळी पांघरूण पिळावं लागलं.

माळावरचा
@भटक्या_३ तंबू आहेत. @कोलोरॅडोकर, माळावर दोन दणकट झाडं शेजारी सापडणं अवघड. बोरी आणि बाभळी, त्याही हाताएवढ्या. @तंगतोबरा, शुक्रवारी निघायचंय, आठ दिवस कुठून आणू? शिवाय तिथे मुरूम आहे, खाली खडक. मेख जाईल का?

तंगतोबरा
लाकडी जाणार नाही. दीड-दोन फुटी लोखंडी मेख आणि घण न्या, तिरकी ठोका.

कोलोरॅडोकर
सोबत गाडी आहे का? ते लिहिलंच नाहीत.

माळावरचा
हो, पिकअप आहे. कडबा, चंदी (घोड्यांचा दाणा) आणि पाण्याची टाकी त्यातच. मला वाटलं ते गृहीत आहे.

कोलोरॅडोकर
मग प्रश्न अर्धा सुटला. दोराचं एक टोक पिकअपच्या वरच्या सांगाड्याला, दुसरं एखाद्या जाड झाडाला किंवा गावातल्या खांबाला. विजेचा खांब मात्र नको. हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावा.

इतिहासवेडी
शिंगणापूरला पुष्कर तळं जरूर बघा, मालोजीराजे भोसल्यांनी बांधलं असं सांगतात. शंभू महादेव हे भोसल्यांचं कुलदैवत. चैत्रात कावडी मुंगी घाटाने वर चढवतात, तो चढ माणसांनीच एकमेकांना हात देत चढायचा आहे. तुम्ही "डोंगर चढून" लिहिलंय, कुठल्या वाटेने? मुंगी घाटाने घोडे नेणार असाल तर हात जोडून सांगते, नेऊ नका.

माळावरचा
नाही नाही, गाडीरस्त्यानेच चढणार आहोत.

पशुवैद्य_माणदेशी
धागा उशिरा पाहिला. बांधण्याआधी जखमेचं बोलू. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, दोराच्या जखमेतूनही. लस कधी दिली होती? आठवत नसेल तर आजच डॉक्टरांना बोलवा, उद्यावर टाकू नका. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, वर हळद-तेल थापू नका. त्या खळग्यातलं कातडं प्रत्येक पावलाला ताणतं, त्यामुळे भरायला वेळ लागतो. पाच दिवसांत त्या घोड्यावर बसून रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाणं मला मान्य नाही.

दुसरं, सगळे "घोडे" म्हणताय. नर किती, घोड्या किती? नर खच्ची केलेले आहेत का? हे कोणीच विचारलेलं दिसत नाही.

अबलख
डॉक्टरसाहेब बरोबर विचारताय. आणि जात कोणती? मारवाडी असतील तर माळावर त्यांचे लाड परवडत नाहीत. माणात भीमथडीच हवं. मेंढपाळांच्या वाड्यावर बघा, ती तट्टं संसार पाठीवर घेऊन महिनोन्महिने चालतात. रात्री पुढच्या दोन पायांना पायबंद घातला की सुटली चरायला, सकाळी हाकेच्या अंतरावर सापडतात.

तंगतोबरा
वाड्यावर कुत्री राखणीला असतात आणि तट्टू मेंढरं सोडून जात नाही. यांच्या घोड्यांना कसला कळप? पायबंद घालूनही घोडा उड्या मारत दोन कोस जातो. त्यात माळावर आता शाळू उभा आहे, कोवळी ज्वारी खाल्ली तर आणखी घोळ, शिवाय शेतकऱ्याचं नुकसान.

माळावरचा
तीन नर, एक घोडी. सगळे मारवाडी, सारंगखेड्याहून आणलेले. खच्ची कोणीच नाही. घोडी शांत आहे, तिचा काही त्रास नाही.

पशुवैद्य_माणदेशी
त्रास तिचा नसतो हो. रविवारी ती कुठे बांधली होती? आणि दोर तोडलेला कुठे सापडला?

माळावरचा
घोडी पलीकडच्या बांधाला होती.

तो तिच्याजवळच सापडला.

पशुवैद्य_माणदेशी
ती शेपटी बाजूला धरून थोडी थोडी लघवी करते का? नर जवळ आला की थांबून राहते?

माळावरचा
शनिवारपासून करते. आम्हाला वाटलं चारा बदलला म्हणून.

पशुवैद्य_माणदेशी
माजावर आहे. पाच-सात दिवस चालतो, म्हणजे शुक्रवारी अजून असू शकतो, आणि साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा येतो. तीन अख्खे नर आणि माजावरची घोडी एका मुक्कामाला असतील तर अगाडी-पिछाडीही पुरणार नाही, आडवा दोरही नाही. नर एकमेकांना चावतील, लाथांनी पाय मोडेल. घोडी घरी ठेवा. नर एका दोरावर नकोत, एकमेकांपर्यंत तोंड किंवा पाय पोचणार नाही इतके लांब बांधा. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, चालून आल्यावर जास्त, त्या हिशेबाने टाकी भरा. कडबा घरचाच न्या, वाटेत नवीन चारा घातला तर पोटशूळ होईल.

कोलोरॅडोकर
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. इकडे मुक्कामाला येणारे बहुतेक घोडे खच्ची केलेले असतात, त्यामुळे मी हे गृहीत धरूनच लिहिलं. माफ करा.

सुलभा
मलाही यायला आवडेल. घोडे भाड्याने मिळतात का तिकडे?

माळावरचा
डॉक्टर संध्याकाळी येऊन इंजेक्शन देऊन गेले. जखमेवर पट्टी नको, माशा बसू देऊ नका म्हणाले. मित्राशी बोललो. घोडी घरी ठेवायची म्हटल्यावर तो आधी चिडला, लहानपणापासून त्यानेच वाढवलीय तिला. मग म्हणाला, तारीख दोन आठवडे पुढे घे, जखम बरी होईल आणि मी पिकअप चालवतो. तसं ठरलं. घोडी घरी. तीन घोडे, तीन स्वार. @तंगतोबरा, तेवढ्या दिवसांत पिछाडी शिकवता येईल का?

तंगतोबरा
येईल. जखमेवाल्याला शेवटी घ्या, आणि त्याच्या त्या पायाला पट्टा लावू नका. पहिले दोन दिवस नुसता पट्टा बांधून खरारा करायचा, म्हणजे अंग घासायचं, दोर तिसऱ्या दिवशी. रविवारी मला यायला जमेल. घरात वडिलांच्या मेखा पडून आहेत, नऊ-दहा असतील, घेऊन येतो. घण तुमचा.