डोस फॉर्म मॅपिंग: नुसत्या नावावर जाऊ नका
एका औषध-यादीतला डोस फॉर्म (गोळी, सिरप, इंजेक्शन असं औषधाचं रूप) दुसऱ्या यादीतल्या डोस फॉर्मशी जोडताना, म्हणजे मॅप करताना, नाव जुळलं की जोडून टाका असं काही जण सुचवतात, ते मला धोक्याचं वाटतं. ईडीक्यूएम (औषधांच्या प्रमाण संज्ञा ठरवणारी युरोपीय संस्था) आणि स्नोमेड सीटी (आरोग्यक्षेत्रातल्या संज्ञांचा आंतरराष्ट्रीय संग्रह) दोन्हीकडे डोस फॉर्ममागे गुणधर्म दिलेत, म्हणजे मूळ रूप काय, कुठे आणि कसं द्यायचं, औषध कसं सुटतं वगैरे, ते ताडून बघा मगच जोडा. आरएक्सनॉर्मचं (अमेरिकेतली औषधनावांची प्रमाण यादी) वेगळंय, तिथे पेशंटला प्रत्यक्ष देतात ते रूप धरतात, म्हणून इंजेक्शनची पावडर तिकडे सोल्युशन (द्रावण) होते आणि तिथून उलट मॅप करताना पावडर परत मिळतच नाही. आणि प्लीज, प्रोलॉन्ग्ड रिलीज आणि गॅस्ट्रो-रेझिस्टंट गोळ्या सरसकट मॉडिफाइड रिलीजमध्ये (औषध सुटण्याची पद्धत बदललेल्या गोळ्यांचा सर्वसाधारण गट) ढकलू नका, एकीतलं औषध हळूहळू सुटतं, दुसरी जठरात न विरघळता आतड्यात विरघळते, हा फरक हरवला तर पेशंटला चुकीची गोळी जाऊ शकते. नेमकं जुळत नसेल आणि जास्त मोठ्या अर्थाच्या संज्ञेशीच जोडावं लागत असेल तर ते नातं ‘व्यापक’ म्हणून नोंदवा, ‘समान’ नको.