सरकारी शेती संशोधन नेमकं कुणासाठी?

रानवारा:
'उत्पादन वाढवा' एवढंच ध्येय धरलं की काय होतं ते कॅलिफोर्नियात दिसलं. डेव्हिसच्या सरकारी विद्यापीठाने टोमॅटो काढणीचं यंत्र घडवलं, आणि यंत्राचा मार सोसेल असा टणक टोमॅटोही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सुमारे ४,००० टोमॅटो उत्पादक होते. १९७३ पर्यंत ६००च्या आसपास उरले. महागडं यंत्र छोट्यांना झेपलं नाही. १९७९ मध्ये शेतमजुरांच्या बाजूने विद्यापीठावर दावा दाखल झाला, की जनतेचा पैसा मूठभरांसाठी का? माझाही तोच सवाल आहे.

काळी_माती:
अजिबात पटलं नाही. मेक्सिकोतून हंगामी मजूर आणायची सोय १९६४ अखेर बंद झाली होती. काढणीला माणूसच नसेल तर पीक घ्यायचं कसं? कोण बुडेल याचा हिशेब आधी मांडत बसलो तर एकही प्रयोग उभा राहणार नाही. बुडणाऱ्याला सावरणं सरकारचं काम, संशोधकाचं नव्हे.

रानवारा:
पण विषय निवडला तिथेच बाजू ठरते ना! मी पैदासकार म्हणून, म्हणजे पिकांचे नवे वाण घडवायच्या कामात, राबलोय. गव्हाच्या एकेका फुलातले तीन परागकोश चिमट्याने अलगद काढायचे, ओंबीला पिशवी चढवायची. दोन वाणांच्या अशा क्रॉसमधून नवा वाण हाती यायला आठ-दहा वर्षं सहज जातात. सरळ वाणाचं बी शेतकरी घरीच राखतो, म्हणून कंपन्यांना त्यात फारसा रस नाही. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, तिथे त्यांची गर्दी. सरकारी संस्थेनेही तिकडेच धावायचं?

नांगरट:
संकरितला नावं ठेवू नका, मक्याने त्यावरच भरारी घेतली. बाकी सहमत. गुरांच्या बुळकांडीवर वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात लस तयार केली, आणि २०११ मध्ये तो रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. रोग संपला की लसही खपायची थांबते. असलं काम नफ्यासाठी कोण हाती घेईल?

काळी_माती:
लसीचं मान्य. यंत्राचं नाही. उन्हात दिवसभर वाकून तोडणी करणाऱ्याची कंबर वाचते, हेही जनतेचंच भलं आहे.

रानवारा:
कंबर वाचावीच. मग छोट्या रानात वळेल आणि चौघांत मिळून घेता येईल असं यंत्र करा. आपल्या शेतीच्या अभ्यासक्रमात वाणाचं एकरी उत्पादन काढायला शिकवतात. त्या वाणाला खर्च किती आला आणि तो कुणाला झेपला, हे परीक्षेत कधी विचारलेलं मला तरी आठवत नाही.