सिगरेट सोडून वेपवर आलोय पण मधेच एखादी होतेच, काय करावं?

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट:
नमस्कार मंडळी. बेळगावातलाच आहे, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. कॉलेजपासून सिगरेट, रोज एक पाकीट तरी लागायचंच. मावसभाऊ दुबईहून आला त्यानं त्याचं वेप दिलं (बॅटरीवरची ई-सिगरेट, निकोटिनचं लिक्विड भरायची), म्हणाला हे ओढ, सिगरेट आपोआप सुटतीय बघ. आणि खरंच सुरुवातीला बरं जमलं, कपड्यांना वास नाही, बायको खूश, सकाळचा खोकला पण कमी. पण सेकंड शिफ्टला रात्री चहाला बाहेर आलो की सगळी पोरं टपरीवर, कोणतरी पाकीट पुढं करतंय आणि हात जातोयच ओ. एक झाली की वाटतंय आजचा दिवस तर गेलाच, मग घरी जाताना गोगटे सर्कलला थांबून अजून दोन. दुसऱ्या दिवशी परत वेप. असं दोन्ही चाललंय. एक ओढली म्हणजे सगळं परत पहिल्यापासून काय? आणि हे थांबवायचं कसं? लिक्विड पण संपत आलंय. लेक्चर नको, ते घरी आई देतीय.

खानापूरकर_सध्या_लेस्टर:
भावा, मी मूळचा खानापूरचा, इकडं इंग्लंडात असतो. इथं वेप कायदेशीर आहे, सरकारी आरोग्यसेवाच सांगते की मोठ्या माणसाला सिगरेट सोडायला वापरता येतं, त्यामुळं सोडवणाऱ्या सेंटरमधल्या बाईंकडूनच सगळं ऐकलेलं आहे. पहिलं म्हणजे एक ओढल्यानं मागचे दिवस पुसले जात नाहीत. टपरीवरची एक वेगळी आणि गोगटे सर्कलच्या दोन वेगळ्या, त्या दोन तू तलफ आली म्हणून नाही ओढल्यास, दिवस गेला म्हणून ओढल्यास. त्या आधी बंद कर, तेवढं लगेच जमेल.

आता बाटलीवर बघ निकोटिन किती लिहिलंय. इथं कायद्यानं एका मिलीला जास्तीत जास्त २० मिलीग्रॅम. रोज पाकीट ओढणारा माणूस ३ किंवा ६ वर आला तर अंगाला पुरतच नाही, मग मन सिगरेटकडं धावणार नाहीतर काय. लोक याला इच्छाशक्ती कमी म्हणतात, निम्म्या वेळा नुसता डोस कमी असतो. ओढायची पद्धत पण वेगळी, सिगरेटसारखे भराभर झुरके मारले की ठसका लागतो आणि समाधान होत नाही, वेप सावकाश लांब ओढायचं. आणि तलफ डोक्यात गेल्यावर खिशात हात घालू नको, चहाला बाहेर पडायच्या आधीच दोन झुरके घे. बॅटरी चार्ज आहे का ते शिफ्टला निघताना बघ, माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांची घसरण बॅटरी डाऊन झाली त्याच दिवशी झालीय.

निपाणीकर_पाटील:
वरच्या दादांचं इंग्लंडात बरोबर असेल, पण आपण कुठं राहतोय ते पण बघा की. आपल्याकडं २०१९ पासून वेप बनवणं, बाहेरून आणणं, विकणं, साठवणं सगळ्यावर देशभर बंदी आहे, कर्नाटकानं तर २०१६ लाच बंद केलंवतं. विकणाऱ्याला पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत जेल नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे लिक्विड संपलं की तू चोरून विकणाऱ्याकडं जाणार, आणि तो बाटलीत काय भरून देतोय ते त्यालाच माहीत. बाटलीवरचा आकडा बघ म्हणणं तिकडं ठीक आहे, इथं त्या आकड्यावर विश्वास कोण ठेवणार?

आणि दोन्ही चालू ठेवलास तर कमी केल्याचं समाधान फक्त. रोज एकच सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढलेला धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. विसाव्या हिश्श्याएवढा असेल असं वाटतंय ना? नसतो. (हे सगळं निपाणीचा माणूस सांगतोय म्हणून हसू नका. आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखूवरच जगल्या, आजोबा १९८१ च्या आंदोलनात हायवेवर बसलेवते. पिकाला भाव पाहिजे आणि आपल्या पोरानं ओढू नये, दोन्ही एकाच घरात चालतं.)

मेडिकलवाले_काका_टिळकवाडी:
बाळा, लिक्विड संपायच्या आत निकोटिनचा चघळायचा गम चालू कर, कायदेशीर आहे, दोन मिलीग्रॅमचा कुठल्याही मेडिकलात मिळतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर चारचा लागतो, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी आण. पण लोक तो बबलगमसारखा चघळतात, मग उचकी लागते, पोटात जळजळ होते आणि काका तुमचा माल बेकार म्हणून परत घेऊन येतात. सावकाश चाव, तिखट झणझणीत लागलं की थांब, गालात दाबून ठेव, झणझण गेली की परत चाव, अर्धा तास असं. अंगाला लावायची पट्टी पण येते, ती दिवसभराचा पाया धरते आणि टपरीच्या वेळेला वरून गम. तलफ एकदा आली की तीन-पाच मिनिटं जोर करते, तेवढाच वेळ निभवायचा असतो. हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

आणि सिगरेटच्या पाकिटावरच सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, फुकट आहे. त्यांची केंद्रं बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये पण आहेत आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पण, म्हणजे सीमाप्रश्न तिथं तरी सुटलाय 😄

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट:
बाटली आत्ताच बघितली, ३ लिहिलंय!! म्हणून असं होत होतं वाटतं. गमचं पटलं, उद्याच घेतो, पट्टीचं डॉक्टरांना विचारून. पोरांना पण सांगून टाकतो की मला पाकीट दाखवू नका, दोघं-तिघं ऐकतील, बाकीचे मुद्दाम दाखवणार ते वेगळं. काका एकच, गम तोंडात ठेवून चहा चालतो का? चहा सोडायला सांगू नका तेवढं.

मेडिकलवाले_काका_टिळकवाडी:
नाही रे, चहा-कॉफी-सोडा काहीही असलं की निकोटिन तोंडातून अंगात नीट जात नाही. चहा आधी पिऊन घे, पंधरा मिनिटं जाऊ दे, मग गम. आणि ती पंधरा मिनिटं टपरीवर थांबून काढू नकोस, ग्लास घेऊन आत ये.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट:
आत सुपरवायझर असतोय ओ 😅 बघतो, गेटवरच्या वॉचमनजवळ बसतो, तो ओढत नाही.