आबा सापडले (सी विंग ग्रुप, ऐरोली)

सी-४०३: सगळ्यांना खूप थँक्यू 🙏 आबा घरी आलेत, वरणभात खाऊन झोपलेत. पहाटे सव्वापाचला गेलेले ते साडेअकराला ठाणे स्टेशनवर सापडले, आम्ही इकडे गार्डन, देऊळ, खाडीकडचा रस्ता पालथा घालतोय आणि हे निघालेले ड्युटीवर! डिमेन्शिया आहे ना, म्हणजे विसरण्याचा आजार, आणि वागळे इस्टेटला ३१ वर्षं फर्स्ट शिफ्ट केलीय. पिशवीत रिकामा डबा आणि टीव्हीचा रिमोट 😔

सी-१०२: देव पावला गं. पण वॉचमनने सोडलंच कसं?

सी-४०३: त्याची चूक नाही हो काका, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, वर त्यालाच चहा झाला का विचारून गेले, कोणाला शंका येणार

बी-७०१: आई अशीच हरवली तेव्हा आम्हाला पण एकाने सांगितलेलं २४ तास थांबा मग तक्रार घेतात. असा काही नियम नाहीये. घर, जिना, टेरेस, पार्किंग पटकन बघायचं, नाही दिसले की सरळ ११२ लावून पोलिसांना सांगायचं. आणि एकाने घरीच थांबायचं, कधीकधी माणूस आपणहून परत येतो

ए-६०४: माझी बहीण इंग्लंडमध्ये लीड्सला केअर होममध्ये कामाला आहे, तिकडे हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणून फॉर्म असतो, घरच्यांनी आधीच भरून ठेवायचा. फोटो, औषधं, जुने पत्ते, जुनी नोकरी, आधी कुठे सापडलेले, सगळं. हरवले की तोच कागद पोलिसांना. नॉर्मंडीला उतरलेले जॉर्ज हर्बर्ट म्हणून सैनिक होते त्यांचं नाव दिलंय, डिमेन्शिया झाल्यावर ते म्हणे लहानपणीचं घर शोधायला निघायचे

सी-४०३: अगदी आबांसारखंच की! आज रात्रीच लिहून काढते, वागळेची कंपनी पहिली, मग कोपरीची चाळ

सी-१०२: त्यापेक्षा बाहेरून कुलूप लावत जा

बी-७०१: नको हो काका, आत आग-बिग लागली तर? दार उघडलं की वाजतो तो सेन्सर लावा. आणि वॉचमनला सांगून ठेवा, कुठे चाललात, कुठे राहता अशी उलटतपासणी नको, त्याने माणूस अजून बिथरतो. "आबा या, चहा घेऊ" म्हणून बसवायचं आणि इंटरकॉम मारायचा

सी-४०३: हे बेस्ट, चहाला ते नाही म्हणतच नाहीत 😄 आणि प्लीज सकाळचा मेसेज जिथे जिथे पाठवलाय तिथे "सापडले" टाका आणि आधीचा डिलीट करा, त्यात फोटो, फ्लॅट नंबर, माझा मोबाईल सगळंच आहे. आत्ता पण सानपाड्याहून एकाचा फोन आला, असेच एक आजोबा दिसलेत म्हणून