आयजीएफ-वन घातलं तरी एमसीएफ-सेव्हन पेशींना फरकच पडत नाही, चूक कुठे शोधू?

नवी_पिपेट:
नमस्कार. मी पुण्यात एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रोजेक्टचे दोन महिने उरलेत आणि हातात दाखवण्यासारखा एकही आलेख नाही. बारावीपर्यंत मराठीतून शिकले. मराठीत मांडलं की माझा गोंधळ मलाच नीट दिसतो, म्हणून इथे विचारते.

विषय साधा आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-सेव्हन पेशींना आयजीएफ-वन, म्हणजे इन्सुलिनसारखं वाढीचं प्रथिन, दिलं की त्यांची वाढ किती बदलते ते बघायचं. पेशी एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या रिपॉझिटरीतून आणल्या. थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन विद्यापीठातून रिक्षाने आले. तेव्हापासून रोज बघते, पेशी टवटवीत आहेत. ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, वेलला ५,००० पेशी, दुसऱ्या दिवशी मिलीला ५० नॅनोग्रॅम आयजीएफ-वन, ४८ तासांनी एमटीटी (जिवंत पेशींचा अंदाज देणारी रंगाची चाचणी). तीनदा लावलं. शेवटचं रीडिंग: कंट्रोल ०.८२, आयजीएफ ०.८४. आधीची दोन्हीही अशीच.

सर म्हणतात पिपेटिंग सुधार. पण माझे ट्रिप्लिकेट (एकाच मात्रेचे तीन वेल) एकमेकांना धरून आहेत. व्हायल महाग आहे, दुसरी मागायची हिंमत होत नाही. व्हायल खराब असेल का? की या पेशींवर आयजीएफ पकडणारा रिसेप्टरच नसेल?

पाषाणचा_रिसर्चवाला:
व्हायल कशात विरघळवली होती? अशी प्रथिनं पातळ द्रावणात प्लास्टिकला चिकटून बसतात. ०.१ टक्का बीएसए (अल्ब्युमिन प्रथिन) घालून छोटे छोटे अॅलिकॉट करायचे आणि एक अॅलिकॉट एकदाच वितळवायचा. एकच ट्यूब दर वेळी काढून परत गोठवत असशील तर आधी ते थांबव.

हूडसमोर_२२_वर्षं:
वरचा सल्ला बरोबर आहे, पण माझा संशय दुसरीकडे आहे. मी २२ वर्षं टिश्यू कल्चर सांभाळलं, आता कोथरूडला घरी असते. तुला अगं-तुगं करते, माझी मुलगी तुझ्याएवढीच आहे.

तू सगळं लिहिलंस, फक्त मीडियाबद्दल, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवाबद्दल, एक अक्षर नाही. मीडिया कोणी केला? बाटलीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं लिही. आणि आयजीएफ घालताना त्यात सिरम (रक्तातला द्रव भाग) होतं का?

नवी_पिपेट:
मॅडम, मीडिया सिनियर ताईने करून ठेवलेला आहे, मी तोच वापरते. आत्ता कोल्ड रूममध्ये जाऊन बघून आले. बाटलीवर निळ्या मार्करने लिहिलंय: 'एमसीएफ कंप्लिट, १०% एफबीएस + आयएनएस'. शेवटचं अक्षर पुसट झालंय. सिरम (तेच एफबीएस) पूर्ण वेळ होतं, काढायचं असतं हे माहीत नव्हतं. अॅलिकॉट केलेले आहेत, बीएसए घालूनच.

हूडसमोर_२२_वर्षं:
सापडलं. व्हायल जपून ठेव, तिचा काही दोष नाही. तुझ्या हाताचाही नाही. ट्रिप्लिकेट जुळतात म्हणजे हात बसला आहे, हे सरांना खुशाल सांग.

'आयएनएस' म्हणजे इन्सुलिन. एमसीएफ-सेव्हनच्या मीडियात मिलीला १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन घालायची जुनी रीत आहे, पेशी जोमाने वाढतात म्हणून. आता हिशोब मांड. १० मायक्रोग्रॅम म्हणजे १०,००० नॅनोग्रॅम. तू वरून घातलंस ५०. म्हणजे वजनाने दोनशे पट इन्सुलिन तिथे आधीच होतं. आयजीएफच्या रिसेप्टरवर इन्सुलिन फार सैल बसतं, आयजीएफ-वनच्या मानाने शंभर पटीहूनही सैल. पण इतकी गर्दी झाली की सैल बसणाराही आपलं काम उरकून घेतो. शिवाय इन्सुलिनचा स्वतःचा रिसेप्टर पेशीवर आहेच. हे दोन रिसेप्टर इतके सारखे आहेत की अर्धा याचा, अर्धा त्याचा असा जोड-रिसेप्टरसुद्धा पेशी बनवते. आणि संदेश आत शिरल्यावर वाटा त्याच: आयआरएस, पीआय-थ्री-कायनेज, एकेटी या प्रथिनांची एक, आणि रॅसकडून ईआरकेकडे जाणारी दुसरी. तुझ्या कंट्रोलमध्ये या वाटा पहिल्यापासून वाहत्या होत्या. जेवून उठलेल्या पाहुण्याला भूक किती आहे ते विचारण्यासारखं झालं.

रिसेप्टर नसेल का, ही शंका सोडून दे. एमसीएफ-सेव्हनवर तो भरपूर असतो, म्हणून तर या कामासाठी त्या इतक्या वापरल्या जातात.

आता सिरम. त्यात आयजीएफ-वन आणि आयजीएफ-टू दोन्ही असतात, आणि त्यांना धरून ठेवणारी प्रथिनंही. अशी सहा बाइंडिंग प्रोटीन्स आहेत. शरीरात बहुतेक आयजीएफ त्यातल्या तिसऱ्याला आणि एएलएस नावाच्या आणखी एका प्रथिनाला बांधलेलं फिरतं. मोकळं आयजीएफ रक्तात काही मिनिटं टिकतं, तेच या तिघांच्या जुडग्यात असलं तर काही तास. तेव्हा तुझ्या ५० नॅनोग्रॅमपैकी मोकळं किती उरलं, हे तुला ठाऊक नाही.

या रेणूचा जन्मच 'सिरममध्ये आहे तरी काय' या प्रश्नातून झाला आहे. १९५७ साली सेंट लुइसमध्ये सॅल्मन आणि डॉहडे यांनी पिट्युटरी (ग्रोथ हार्मोन बनवणारी ग्रंथी) काढलेल्या उंदरांची कूर्चा डिशमध्ये ठेवली आणि ती किरणोत्सारी सल्फेट किती उचलते ते मोजलं. ग्रोथ हार्मोन थेट डिशमध्ये घातलं तर कूर्चा ढिम्म. धडधाकट उंदराचं सिरम घातलं की सल्फेट उचलायची. पिट्युटरी काढलेल्या उंदराचं सिरम चालेना, पण त्याच उंदराला आधी ग्रोथ हार्मोन टोचलं की त्याचंही सिरम चालायचं. म्हणजे हार्मोन दुसऱ्याच कुणाला तरी कामाला लावत होतं. त्याला तेव्हा सल्फेशन फॅक्टर म्हणाले, पुढे सोमॅटोमेडिन. १९७८ मध्ये झुरिकच्या रिंडरक्नेख्ट आणि हुंबेल यांनी मानवी रक्तातून वेगळं काढलेल्या या रेणूची रचना वाचली. आयजीएफ-वन ७० अमिनो आम्लांचं, आयजीएफ-टू ६७ चं, आणि घडण प्रोइन्सुलिनशी (इन्सुलिनच्या आधीच्या रूपाशी) मिळतीजुळती. वाढीत त्याचं वजन किती आहे ते १९९३ मध्ये उंदरांवर दिसलं. आयजीएफ-वनचं जनुक काढलेली पिल्लं नेहमीच्या साठ टक्के वजनाची जन्मली. रिसेप्टरचंच जनुक काढलेली पंचेचाळीस टक्के वजनाची होती आणि जन्मताच गेली, त्यांना श्वास घेता येईना. पुढे ते माझ्या वाचनात आलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. माझी मुलगी तेव्हा पोटात होती.

आता काम. ताईचा मीडिया बाजूला ठेव आणि स्वतः नवीन कर, इन्सुलिनशिवाय. त्यात पेशी दोन-तीन पॅसेज (नव्या डिशमध्ये हलवत) वाढव. थोड्या रेंगाळतील, घाबरू नकोस. मग प्लेट लाव, पेशी चिकटल्या की पीबीएसने (मिठाच्या बफरने) धू आणि सिरम नसलेल्या मीडियात २४ तास उपाशी ठेव. फिनॉल रेड नसलेला मीडिया मिळाला तर बघ. त्या रंगाबरोबर येणारी अशुद्धी इस्ट्रोजेनसारखी वागते आणि एमसीएफ-सेव्हन इस्ट्रोजेनला लगेच दाद देतात. त्यानंतर तीन प्रकारचे वेल ठेव: नुसता मीडिया, १० नॅनोमोलर आयजीएफ-वन, १० नॅनोमोलर इन्सुलिन. इतक्या कमी मात्रेत इन्सुलिन बहुतांशी स्वतःच्याच रिसेप्टरवर राहतं, म्हणून दोघांचं वेगवेगळं दिसेल.

आणि एमटीटीची ४८ तास वाट बघण्याआधी एक वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) कर. ० आणि १० मिनिटांचं लायसेट (फोडलेल्या पेशी), त्यात फॉस्फो-एकेटी (चालू झालेलं) आणि टोटल एकेटी (एकूण). आयजीएफ पोचलं असेल तर दहा मिनिटांत कळतं.

तालीमवाला_सदाशिव:
विषय सोडून विचारतो, माफ करा. माझा धाकटा भाऊ जिमला जातो. तिथल्या एकाने त्याला 'आयजीएफ-वन एलआर-थ्री' नावाची इंजेक्शनं घ्यायला सांगितलंय, मसल लवकर येतात म्हणे. हे तेच का?

हूडसमोर_२२_वर्षं:
माफी कसली, बरं झालं विचारलंत. आजच भावाला थांबवा. एलआर-थ्री हे मुद्दाम बदललेलं, ८३ अमिनो आम्लांचं आयजीएफ आहे. ते बाइंडिंग प्रोटीन्सना जवळजवळ धरत नाही. वर म्हटलं तो लगाम काढून टाकलेलं, पेशी वाढवायच्या मीडियासाठी बनवलेलं. आमच्याकडे त्याच्या बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असायचं. माणसात रक्तातली साखर झपकन खाली येऊ शकते, तरुण मुलगा व्यायाम करता करता बेशुद्ध पडू शकतो. आणि ज्या वाटेने स्नायूची पेशी वाढते त्याच वाटेने गाठीची पेशीही वाढते, ही पोरगी तेच तर मोजते आहे. खेळाडूंना तर आयजीएफ-वन वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीने बंदच आहे. एखादं घेतलं असेल आणि घाम, थरथर, चक्कर असं काही झालं तर लगेच साखर द्या आणि तडक दवाखाना गाठा.

तालीमवाला_सदाशिव:
अजून घेतलेलं नाही. आज रात्री घरी बसून बोलतो त्याच्याशी. आभारी आहे.

नवी_पिपेट:
तीन आठवड्यांनी लिहिते. नवीन मीडियात पेशी खरंच रेंगाळल्या, चार दिवस मला काही सुचेना. काल ब्लॉट झाला. डेव्हलप करताना हात थरथरत होते. दहा मिनिटांच्या आयजीएफच्या लेनमध्ये फॉस्फो-एकेटीचा ठसठशीत काळा पट्टा आला, इन्सुलिनच्या लेनमध्ये त्याहून हलका. टोटल एकेटी सगळीकडे सारखं. मी फोटो आधी आईला पाठवला, मग सरांना. सरांनी पुढच्या लॅब मीटिंगमध्ये मांडायला सांगितलंय.

एकच खटकतंय. नुसत्या मीडियाच्या लेनमध्येही एक फिकट पट्टा आहे.

हूडसमोर_२२_वर्षं:
शाब्बास पोरी! फार बरं वाटलं वाचून. तो फिकट पट्टा मात्र सोडू नकोस. उपाशी ठेवायच्या आधी पीबीएसने किती वेळा धुतलंस?

नवी_पिपेट:
एकदाच. या वेळी तीनदा धुते आणि पुन्हा लावते. परवा गुरुवार, पाणी बंद असतं, म्हणून पीबीएस आजच करून ऑटोक्लेव्हला लावते.